बेसनबॉल

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक चिंध्या आणि दुसऱ्या गप्पा. चिंध्या पोत्यात भरून देऊन टाकता येतात, गप्पांना पोतं पुरत नाही. त्यात गेल्या हिवाळ्यात आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या मराठी मंडळींनी बेसबॉलची टीम काढली. तेव्हापासून माझ्या दुकानात कात्री कमी आणि जिभा जास्त चालायला लागल्या.

मला इथे सगळे दत्तूमामा म्हणतात. शाळा सातवीत सुटली. मी सोडली असं मी सांगतो, मास्तर वेगळं सांगायचे. बेसबॉल हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, डाळीच्या पिठाचं काहीतरी असणार. ही समजूत पुढे फार उपयोगी पडली. ते येईलच.

टीम काढली इरानं. ही आमच्या प्रभुण्यांची मुलगी. इथेच वाढली, इथल्या शाळेत बेसबॉल शिकली. बारावी झाल्यावर म्हणाली, एक वर्ष थांबते, मग ठरवते. तिनं मनातून आधीच ठरवलं होतं. तिला खेळाचं कोचिंग शिकायचं होतं, इथेच दुबईत. प्रभुण्यांनी ठरवलं होतं इंजिनिअरिंग, पुण्यात.

प्रभुणे विमा कंपनीत आकड्यांचं काम करतात. कोण कधी आजारी पडेल याचा हिशेब मांडतात, त्यामुळे त्यांच्याशी तब्येतीबद्दल कुणी बोलत नाही. त्यांनी मुलीला माझ्याच दुकानात, पॅन्टची उंची देता देता, शब्द दिला.

"तुझी टीम लीगमध्ये पहिल्या दोनांत आली, तर इथे राहा, कोचिंग शीक. नाही आली, तर जूनमध्ये पुणे."

"प्रॉमिस, बाबा?"

"प्रॉमिस. दत्तूमामा साक्षीला."

मी तोंडात टाचण्या धरून मान हलवली. प्रभुणे निवांत होते, कारण त्यांनी टीम पाहिली होती. कार्गोतला साळवी, ज्याला पळताना स्वतःची पॅन्ट धरावी लागते. अकाउंट्समधला वैद्य, ज्याला चेंडू आला की आधी चष्मा काढायची सवय. बाकीचे याच माळेतले मणी.

*

पहिल्या दिवशी साळवीनं पहिला चेंडू असा टोलवला की तो थेट पार्किंगकडे गेला. सगळे ओरडले, पळ. साळवी पळाला, बॅट घेऊन. बेसजवळ, म्हणजे पळून गाठायच्या त्या गादीजवळ, आल्यावर त्यानं क्रिकेटसारखी बॅट लांब करून जमिनीला टेकवली आणि आमच्याकडे बघून हसला.

इरानं कपाळाला हात लावला. "साळवीकाका, बॅट का घेऊन पळतोय तुम्ही? ड्रॉप इट."

"टाकून पळू? आणि कोणी उचलून नेली तर?"

"कोणी नाही नेणार, काका. इट्स दुबई."

पटलं त्याला. पुढच्या वेळी चेंडू मारल्यावर तो थांबला, वळला आणि समोरच्या टीमच्या कॅचरच्या हातात बॅट देऊन म्हणाला, "भाईसाब, जरा पकडना, अभी आया."

*

जर्सी शिवायचं काम अर्थात माझ्याकडे. छातीवर 'अल कुसैस बेसबॉल क्लब' असं इंग्रजीत भरायचं होतं. मी भरलं. स्पेलिंगमध्ये एक एन जास्त पडला.

काही लोक म्हणतात दत्तूमामाला इंग्रजी येत नाही म्हणून चूक झाली. काही म्हणतात मुद्दाम केलं. मी दोघांनाही चहा पाजतो.

तर आमची टीम मैदानात उतरली ती छातीवर 'बेसनबॉल' घेऊन. अंपायर होता रामोन नावाचा फिलिपिनो, बेसबॉलचा पक्का माणूस. त्यानं ते वाचलं आणि गंभीर चेहऱ्यानं इराला विचारलं, "हू इज बेसन?"

इरानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अवर फाउंडर."

त्या दिवसापासून लीगभर आमचं नाव बेसन. प्रभुणेवहिनींनी ते मनावर घेतलं आणि प्रत्येक मॅचला डबाभर बेसनाचे लाडू आणायला लागल्या. ग्लोव्हची किंमत दिरहममधून रुपयांत केल्यावर त्यांनी लाडवातलं तूप जरा कमी केलं, पण आणले.

*

आणि मग जे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. टीम जिंकली. एक नाही, दोन नाही, पहिल्या चारही मॅचेस!

प्रभुणे हादरले. पण आकड्यांचा माणूस हादरला की शांत बोलतो. दुकानात येऊन बसले आणि सुरू झाले. पहिल्या मॅचला समोरच्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं. दुसऱ्या मॅचला वाळूचा वारा सुटला आणि साळवीचा चेंडू वाऱ्यानं पलीकडे नेला. तिसऱ्या मॅचला त्यांचा चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सुट्टीवर. चौथ्याला त्यांचा एक जण घसरून पडला.

"हे लक आहे, दत्तूमामा. स्किल नाही. चार मॅचेस म्हणजे काहीच नाही. सॅम्पल लहान आहे."

"सॅम्पल?" मी टेबलाखालून वीतभर कापड काढलं. "हे बघा सॅम्पल. एवढ्या तुकड्यावरून मी अख्खा तागा कसा आहे ते सांगतो. सूत किती, पॉलिस्टर किती, रंग टिकेल की नाही. तागा उलगडून बघत बसलो तर धंदा कधी करू?"

"आणि माझी ती निळी पॅन्ट? पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर गेली, ती?"

आता या माणसाशी काय बोलायचं. मी म्हटलं, "वारा तर दोन्ही टीमना सारखाच होता की. त्यांनी चेंडू वर मारला नाही, साळवीनं मारला. वारा काय मराठी बघून वाहतो?"

"साळवीला वाऱ्याची दिशा माहीत होती?"

"त्याला पुण्याची दिशा माहीत नाही. पण वर मारायचं माहीत होतं ना?"

प्रभुण्यांनी चहा संपवला. "अजून चार मॅचेस जाऊ द्या, मग बोलू." पण उठताना त्यांनी दारातल्या आरशात बघून टाय सरळ केला. मी ओळखतो. टाय आधीच सरळ होता.

*

कुसैसमध्ये दोन तट पडले. एक म्हणे स्किल, एक म्हणे लक. मी तिसरा काढला. हळूच पसरवून दिलं की खरा गुण लाडवाचा आहे. साळवी मॅचआधी दोन लाडू खातो म्हणून मारतो.

झालं! पुढच्या मॅचला डबा उघडायच्या आधी रांग. वैद्यानं तीन खाल्ले आणि त्याला वाकता येईना.

प्रभुण्यांना हे सहन झालं नाही. "अंधश्रद्धा आहे ही. आपण चाचणी घेऊ. अर्ध्या टीमनं लाडू खायचे, अर्ध्यांनी नाही."

मी म्हटलं घेऊ. वहिनींना आदल्या दिवशी दुकानात बोलावून मी एक गोष्ट सुचवली आणि त्यांनी हसत हसत बेसनाऐवजी मुगाच्या पिठाचे लाडू केले. बेसनाचा एक कणसुद्धा नाही. कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी खाल्ले ते वाघासारखे खेळले. ज्यांनी खाल्ले नाहीत ते चिडून आणखी जोरात खेळले. टीम जिंकली.

मॅच संपल्यावर मी गुपित फोडलं. इरा नाचायला लागली. "बाबा, सी? लाडू नव्हताच! इट वॉज स्किल!"

प्रभुणे शांतपणे मुगाचा लाडू चावत होते. "लाडू नव्हता एवढंच सिद्ध झालं. लक अजून आहेच."

*

आता वैद्याचं ऐका.

वैद्य लहानपणी लगोरीत एक नंबर होता. लगोरीत पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. बेसबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळणाऱ्याला टेकवायचा असतो. इरानं हे त्याला अनेकदा सांगितलं होतं. पण समोर माणूस पळायला लागला की वैद्य थेट लहानपणात जातो.

डिस्कव्हरी गार्डन्सच्या टीमशी मॅच होती. त्यांचा एक जाडजूड गृहस्थ बेसकडे पळत होता. वैद्यानं चेंडू उचलला, चष्मा काढला, आणि काय नेम! थेट पाठीत. गृहस्थ आडवे. वैद्य दोन्ही हात वर करून ओरडला, "आऊट!"

रामोन म्हणाला, "नो."

वैद्यानं चष्मा घातला आणि मग त्याला दिसलं की खाली पडलेले गृहस्थ त्याच्याच कंपनीचे फायनान्स मॅनेजर आहेत.

दुसऱ्या दिवशी वैद्याची अडकलेली रजा मंजूर झाली. साहेब पाठ धरून म्हणाले, "वैद्य, तुम्ही गावाला जाऊन या. जमेल तितके दिवस राहा."

*

पण वैद्याचा मोठा पराक्रम वेगळाच. तो नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वैद्य गावाहून परतला त्यानंतरची, फिलिपिनोंच्या टीमशी मॅच. ती पोरं बेसबॉल घेऊनच जन्माला येतात. वैद्य जिवाच्या आकांतानं पळाला, दुसऱ्या बेसवर घसरत पोचला. रामोननं हात पसरून सांगितलं, सेफ. पण घसरताना वैद्याचा बूट तिथे उभ्या असलेल्या पोराच्या पायाला लागला.

आता पाय लागला म्हटल्यावर आपण काय करतो? वैद्यानं तेच केलं. चटकन उठला, एक पाऊल पुढे होऊन वाकला, त्या पोराच्या पायाला हात लावला आणि कपाळाला लावला.

ते एक पाऊल बेसच्या बाहेर होतं. पोराच्या ग्लोव्हमध्ये चेंडू होता. त्यानं गोंधळून तो वैद्याच्या टकलावर टेकवला, जणू आशीर्वादच दिला. वैद्य आऊट. मॅच गेली. सीझनमधली पहिली हार.

इरा धावत आली. "काका, व्हॉट वॉज दॅट?"

"पाय लागला गं त्याला."

"सो?"

"सो म्हणजे काय? पाय लागल्यावर नमस्कार करायचा नाही?"

"काका, तुम्ही आऊट झाला!"

"झालो तर झालो. ते पोर आयुष्यभर मनात ठेवील."

प्रभुणे बाजूला घडीच्या खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. वहिनींनी त्यांना कोपरानं ढोसलं, पोरीचा चेहरा बघा म्हणून. तेव्हा थांबले.

त्या दिवसापासून इरानं नवीन नियम केला आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतला. "फर्स्ट बेस, देन नमस्कार." साळवीनं त्याचं मराठी केलं, "आधी बेस, मग संस्कार."

*

पहिलं धुणं लागलं, कापड आटायला लागलं. फिलिपिनोंनंतर आणखी एक मॅच गेली. लोक लगेच म्हणायला लागले, बघा, लक संपलं. परवापर्यंत लाडवाच्या रांगेत होते तेच. मी ठाम होतो. कापड आटलं होतं, रंग गेला नव्हता.

शेवटची मॅच उरली, सिलिकॉन ओएसिसच्या कॉम्प्युटरवाल्यांशी. जिंकलो तर दुसरा नंबर. हरलो तर इराचं पुणं.

आदल्या दिवशी पोरगी दुकानात आली, स्टुलावर बसली. 

"मामा, तुम्हाला काय वाटतो? वी आर गुड? की फक्त लकी?"

"तू काय समजतेस?"

"आय डोंट नो. बाबा रोज इतकं कॉन्फिडन्टली सांगतात. आता मलाच वाटते की ते राइट असतील."

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "बाळा, तू आलीस तेव्हा साळवी बॅट घेऊन पळत होता. आता टाकून पळतो. हे वाऱ्यानं केलं का?"

ती जरा हसली. मग म्हणाली, "मामा, बाबांना उद्या सांगा ना, हसू नका म्हणून. एक दिवस फक्त."

*

आता शेवटच्या मॅचचं सांगतो आणि थांबतो. याच्यावर कितीही चर्चा झाली तरी मी बोलत नाही, फक्त पाहिलं ते सांगतो.

सकाळीच वैद्याला कामावरून फोन आला. साहेबांची पाठ बरी झाली होती, त्यांनी त्याला ऑडिटसाठी शारजाला पाठवलं. आमचे खेळाडू उरले आठ, इरा धरून. नऊ लागतात. नऊ नसले की मॅच समोरच्यांना.

इरा सगळ्यांकडे बघत होती, एका माणसाला सोडून. तो माणूस घडीच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसला होता.

प्रभुणे खुर्चीतून उठले. माझ्याकडे आले. "दत्तूमामा, जादा जर्सी आहे?"

होती! चार मॅचेसनंतरच्या त्या सॅम्पलच्या वादापासून माझ्या गाडीत होती. त्यांच्याच मापाची, पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव भरलेली. कधीतरी पार्टीत सगळ्यांसमोर देऊन मजा करायची म्हणून शिवली होती. त्यांनी ती उलटी करून वाचली. मला वाटलं आता भिरकावतात. पण त्यांनी शर्टावरूनच घातली. थोड्या वेळानं रामोनचा आवाज आला, "नेक्स्ट बॅटर, मिस्टर सॅम्पल."

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटचा डाव आमचा, एक रन केला की जिंकलो. दोघं आऊट झाले होते, तिसरा झाला की डाव संपणार, आणि बॅट प्रभुण्यांच्या हातात.

त्यांच्यामागे कॅचर बसला होता, शिंदे नावाचा दणकट पोरगा. त्याच्यामागे जाळी, जाळीमागे मी. पहिला चेंडू बाहेरून गेला. प्रभुणे हलले नाहीत. मान जराशी वळवून म्हणाले, "मराठी का?"

"हो काका."

"गाव?"

"वाळवा तालुका."

दुसरा चेंडू बाहेर.

"आईवडील इथंच?"

"नाही, गावी. आजोबांनी वाढवलं मला."

"वा. छान वाढवलंय."

रामोन म्हणाला, "नो चॅटिंग, मिस्टर सॅम्पल."

तिसरा बाहेर, चौथाही बाहेर. चार वाईट चेंडू पडले की पहिला बेस फुकट मिळतो. प्रभुण्यांनी बॅट हलवलीसुद्धा नव्हती. ती त्यांनी व्यवस्थित खाली ठेवली आणि ऑफिसला निघाल्यासारखे चालत बेसवर गेले.

मग साळवी आला आणि त्यानं चेंडू हाणला. थेट लांब, कोपऱ्यात. वारा अजिबात नव्हता, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

प्रभुणे पळायला लागले. दुसरा बेस ओलांडला. तिसऱ्या बेसजवळ इरा उभी होती. तिला दिसत होतं की चेंडू परत येतोय. तिनं दोन्ही हात वर केले. "स्टॉप! बाबा, स्टॉप!"

बाबा थांबले नाहीत. तिच्यासमोरून तसेच होम प्लेटकडे सुटले, जिथे हात किंवा पाय टेकला की रन होतो.

माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, हा माणूस मुद्दाम आऊट व्हायला चाललाय. तिथे थांबला असता तर पुढचा कोणी त्याला आणू शकला असता. आता चेंडू आधी पोचणार आणि सगळं खलास. वहिनी लाडवाचा डबा घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्या त्यांना नावानं हाक मारून ओरडल्या, आणि हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

चेंडू आला. शिंदेनं तो झेलला, हातात घेतला आणि वाटेत उभा राहिला. प्रभुणे अजून दूर होते. ते घसरले की पडले, देव जाणे. धूळ उडाली. त्यांचा बूट शिंदेच्या नडगीला लागला. शिंदे चेंडू टेकवायला वाकला.

आणि प्रभुण्यांनी, आडवं पडल्या पडल्या, शिंदेच्या पायाला हात लावून कपाळाला लावला.

"अहो काका! नाही, नाही, असं नका करू!" शिंदे ओरडला. वडिलांच्या वयाचा माणूस त्याच्या पाया पडत होता. त्यानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि स्वतःच त्यांच्या पायांवर वाकला. चेंडू घरंगळत जाळीपर्यंत आला, माझ्या चपलेसमोर.

सिलिकॉन ओएसिसवाले बोंबलत होते, "टॅग हिम! टॅग हिम!" आमचे लोक पुतळे झाले होते. सगळ्यांचे डोळे प्रभुण्यांच्या उजव्या हातावर.

रामोन तेवढा उजव्या हाताकडे बघत नव्हता. तो खाली वाकून डाव्या हाताकडे बघत होता. तो हात धुळीतून लांब झाला होता आणि पाचही बोटं होम प्लेटवर पसरली होती.

"सेफ!"

इरा धावत आली, गुडघ्यांवर बसली. रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बाबा, ट्रूथ सांगा. दॅट वॉज स्किल? ऑर लक?"

प्रभुण्यांनी शिंदेचा हात धरून स्वतःला उभं केलं. पॅन्टची धूळ झटकली, चष्मा पुसला आणि जाळीतून माझ्याकडे पाहिलं.

"दत्तूमामा, ही जर्सी कमरेत घट्ट होतेय. जरा सैल करून ठेवा. पुढच्या सीझनला लागेल."